चपलेवर कारागिराचेही नाव हवे

प्राडा या इटालियन फॅशन कंपनीसाठी कोल्हापुरी चपलांचे २,००० जोड महाराष्ट्र आणि कर्नाटकात बनणार, ही बातमी वाचून समाधान वाटले, पण अर्धेच. १९१३ मध्ये मिलानमध्ये उघडलेले चामडी वस्तूंचे एक दुकान, एवढीच प्राडाची सुरुवात. दुकानावर मालकांचे आडनाव होते, तेच पुढे जगभर गेले. आपल्याकडे बाभळीच्या सालीत कमावलेले कातडे कापून, वेणी विणून, हाताने टाके घालणाऱ्याचे नाव चपलेवर सहसा नसतेच. २०१९ चे भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव वापरू देणारी ‘जीआय’ नोंदणी) आठ जिल्ह्यांना मिळाले, माणसाला नाही. सुमारे ८०० युरोंच्या जोडावर (आमच्याकडे तो हजार-दीड हजारात येतो!) आतल्या बाजूला कारागिराचा शिक्का असावा, असा आग्रह लिडकॉमने, म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या चर्मोद्योग महामंडळाने, आताच धरावा.

– एक वाचक, सांगली