हवेला कोणी भीत नाही, तिथंच घात होतो

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

अधूनमधून पेपरात बातमी येते की कारखान्यात मस्करी करताना एकाने दुसऱ्याच्या अंगात कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि पोरगा गेला. गुन्हा दाखल होतो, दोन दिवस चर्चा होते आणि विषय संपतो. मी शिरोली एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, कॉम्प्रेसर, हवेच्या लाइनी, ग्राइंडर, चिपर (हवेवर चालणारी छिन्नी) हेच माझं रोजचं काम, आणि मला ठामपणे वाटतं की ही मस्करी काय अचानक आकाशातून पडत नाही, शिफ्ट सुटताना एअर गनने अंगावरची धूळ उडवायची जी सवय आहे ना, तिच्यातूनच ती येते. रोज एकमेकांच्या पाठीवर हवा मारणाऱ्या पोरांना त्यात जीव जाण्यासारखं काही असेल असं वाटणारच कसं?

आमच्याकडे लाइनला सहा-सात केजी प्रेशर असतं, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सहा-सात किलो, पीएसआयमध्ये (दर चौरस इंचाला पौंड) 85 ते 100. एवढ्या प्रेशरची हवा कपड्यावरून मारली तरी आतडं फाटू शकतं, त्याला एखाद-दुसरा सेकंद पुरतो. अमेरिकेत नियमच आहे की साफसफाईला हवा वापरायची तर 30 पीएसआयच्या खाली आणि उडणाऱ्या कणांना आडोसा करूनच. आपल्याकडे गनला सरळ मेन लाइन जोडलेली असते. आणि फाउंड्रीत, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतायच्या कारखान्यात, अंगावरची धूळ म्हणजे साधी माती नाही, कास्टिंगला (ओतून केलेल्या भागाला) चिकटलेली सिलिका वाळू असते ती, हवा मारली की ती कपड्यावरून उठून थेट नाकात जाते. या धुळीने फुप्फुसाला होणारा सिलिकोसिस हा कायद्याने सरकारला कळवायलाच पाहिजे असा आजार आहे, पण तो होऊ नये म्हणून एक साधा ब्रश किंवा व्हॅक्यूम ठेवायला कुणाला सुचत नाही याचं फार वाईट वाटतं.

आता टूलबद्दल. हवेवरच्या ग्राइंडरला शॉक लागत नाही, तो इलेक्ट्रिकसारखा तापून जळत नाही, म्हणून सगळे त्याला सेफ समजतात, आणि शॉकपुरतं ते खरं पण आहे. पण 4 इंची चाकावर साधारण 15 हजार आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिलेलं असतं आणि 7 इंची चाकावर साडेआठ हजार, त्याच्या वर ते फिरवायचं नसतं. छोट्या ग्राइंडरचं गार्ड काढून मोठं चाक बसवलं की काय होणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही, चाक फुटतं आणि तुकडा समोरच्याच्या तोंडावर जातो. चिपरचं पण तसंच, छिन्नी अडकवायचा रिटेनर मोडला की बसवत नाहीत, छिन्नी कास्टिंगला न टेकवता ट्रिगर दाबला की ती गोळीसारखी सुटते. चाक किंवा छिन्नी बदलताना आधी लाइनचा व्हॉल्व्ह बंद करायचा, मग ट्रिगर दाबून पाइपातली उरलेली हवा काढायची, मग पाइप सोडायचा. पाव मिनिटाचं काम आहे. तरी पोरं पाइप दुमडून एका हाताने धरतात आणि दुसऱ्या हाताने चाक बदलतात.

पाइपाचे जॉइंट एकदा बघा कुठल्याही शेडमध्ये. क्लिप गेली की बायंडिंग वायर पिळून काम भागवलेलं असतं. तो पाइप सुटला की फुत्कारत चारी बाजूंनी आपटतो, टोकाला लोखंडी कपलिंग असतं आणि तेव्हा त्याला धरायला कोणी जायचं नसतं, मागे जाऊन व्हॉल्व्ह बंद करायचा असतो. जॉइंटवर बांधायची सेफ्टी केबल मिळते बाजारात, किंमत काही फार नाही.

आणि हातांचं तर कोणी बोलतच नाही. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग छिलून साफ करायच्या कामाला, वर्षानुवर्षं चिपर चालवलेला माणूस थंडीत सकाळी गाडीवरून आला की त्याची बोटं टोकाकडून पांढरीफटक पडलेली असतात, कागदासारखी, मग हळूहळू निळी, मग लाल होऊन ठणकतात. आमच्यातल्या एका मामांना शर्टाचं बटण लावता येत नाही, गरम चहाचा ग्लास धरला तरी बोटांना कळत नाही. ते समजतात वय झालं. वय नाही हो, कंपनाने बोटातल्या रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. ही गोष्ट जगाला निदान 1918 पासून माहीत आहे, डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या हवेच्या छिन्नीने दगड घडवणाऱ्या कामगारांची तपासणी करून लिहून ठेवलंय, छिन्नी धरणारा डावा हात जास्त जातो हे सुद्धा. युरोपच्या नियमाप्रमाणे टूलचं कंपन 10 मीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर दिवसात अर्ध्या तासालाच मालकाने उपाय सुरू करायचे आणि 2 तासांवर तर काम बंदच. आमच्याकडे ठेकेदाराचा माणूस नगावर पैसे मिळतात म्हणून अख्खी शिफ्ट चिपर सोडत नाही. त्याला दोष कसा देणार, नगाचा रेट कमी ठेवायचा आणि वर ब्रेक घे म्हणायचं हे जमत नाही. माणसं आलटून पालटून लावली पाहिजेत आणि रेट त्या हिशोबाने ठरला पाहिजे, हे मालकांचंच काम आहे. मोठ्या युनिटमध्ये काही ठिकाणी होतं, पण उद्यमनगरातल्या छोट्या शेडपर्यंत ते पोचत नाही.

डॉक्टरांना पण विनंती आहे, बोटं बधिर होतात म्हणून कामगार आला तर बी-12 च्या गोळ्या लिहायच्या आधी हातात कुठलं टूल असतं हे एकदा विचारा.

4 मार्चपासून सुरक्षा सप्ताह असतो, गेटवर बॅनर लागतात, शपथ होते, फोटो येतात. यंदा आपल्या बातमीदाराला गेटवरून पुढे फेटलिंगच्या शेडपर्यंत पाठवा, शिफ्ट सुटायच्या वेळी, आणि पाइपाचे जॉइंट, काढून ठेवलेली गार्ड, माणसांची बोटं हे छापा.

आपला नियमित वाचक,
एक मेंटेनन्स फिटर, शिरोली, जि. कोल्हापूर