मार्सियाकच्या ताईला, मनापासून

ताई,

फोनवर थँक्यू म्हणून झालं, पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, तू आमच्यासाठी काय केलंस ते चार लोकांना कळू दे.

आई-बाबा मिरजेहून इथे फ्रान्समध्ये, तुलूजला आले तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, बाबांना इथलं गाणंबजावणं ऐकवायचं. बाबा आयुष्यभर भजनी मंडळात तबला वाजवत आले, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात होणारी संगीत सभा त्यांनी कधी चुकवली नाही, अशा माणसाला नुसते चर्च आणि पूल दाखवून काय होणार? कुणीतरी म्हणालं मार्सियाकला जा. मग राहायची जागा शोधायला लागले तर गावात काय, आसपासच्या खेड्यांतही एक खोली शिल्लक नव्हती. आपल्या तुलूजच्या मराठी ग्रुपवर विचारलं आणि पाच मिनिटांत तुझा मेसेज, "माझ्याकडे या, माडीवरची खोली रिकामी आहे." ना ओळख ना पाळख गं!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मार्सियाक हे जेर्स जिल्ह्यातलं जेमतेम 1200 वस्तीचं गाव, 1298 साली वसवलेलं, मधोमध मोठा चौक, कडेनं जुन्या कमानी आणि सगळीकडे सूर्यफुलांची शेतं. 1978 पासून इथे दर उन्हाळ्यात जॅझचा उत्सव भरतो, जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. रात्रीचे मोठे कार्यक्रम रग्बीच्या मैदानावर तंबू उभारून होतात, त्याला तिकीट, पण चौकातल्या स्टेजवर दिवसभर फुकट गाणं चालू असतं, कुणीही यावं, बसावं. शिवाय गल्लीबोळात, हॉटेलांच्या दारात कुणी ना कुणी ट्रम्पेट नाहीतर अकॉर्डियन घेऊन उभा. विंटन मार्सालिससारखा नावाजलेला अमेरिकी ट्रम्पेटवादक इथे इतक्यांदा आलाय की गावानं त्याचा पुतळाच उभारलाय, आणि त्यानंही मार्सियाकच्या नावानं एक अख्खी रचना केलीय!

आणि हे सगळं पेलतात शेकडो स्वयंसेवक, तू त्यातलीच एक. सकाळी स्वयंसेवकांच्या जेवणाची ड्युटी, दुपारी पार्किंग, त्यातून वेळ काढून तू बाबांच्या गुडघ्यांसाठी कमानीखाली सावलीत खुर्ची मिळवलीस, स्टेज नीट दिसेल अशा जागी. बाहेर ऊन नुसतं मे महिन्यातलं, तिथे मात्र गार.

आईचं तर वेगळंच. जेर्स म्हणजे बदकांचा मुलूख, जिकडे बघावं तिकडे बदकाचं मांस. मला वाटलेलं बटाट्याचे फ्राइज तरी चालतील, तूच थांबवलंस, म्हणालीस इथे बरेच जण ते बदकाच्या चरबीत तळतात, विचारल्याशिवाय घेऊ नको. मग लेक्तूरचे खरबूज, टोमॅटो, बकरीच्या दुधाचं चीज, ताजा पाव, आणि रात्री ड्युटीवरून दमून येऊन केलेल्या तुझ्या ज्वारीच्या भाकऱ्या. ज्वारीचं पीठ कुठून आणलंस ते अजून सांगितलं नाहीस. आई इथे आल्यापासून पोटभर जेवली ती तुझ्याकडे, हे ती मिरजेत सगळ्यांना सांगत सुटलीय.

पण खरे आभार दुसऱ्याच गोष्टीचे आहेत. पहिल्या दुपारी बाबा नुसते बसून होते. चेहऱ्यावरून मला कळत होतं की त्यांना काही लागत नाहीये, सगळे एकदम वाजवतायत, मग एकेक जण कुठेतरी निघून जातोय आणि लोक मधेच टाळ्या वाजवतायत. पण त्यांचा हात मांडीवर चालू होता. तो हात दाजींनी बघितला! दाजींना मराठी येत नाही, बाबांना फ्रेंच येत नाही, मधे तू. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं की पुष्कळशा जुन्या गाण्यांचा साचा 32 मात्राखंडांचा असतो, एकेक खंड चार ठोक्यांचा, आठ-आठचे चार भाग, पैकी तिसरा भाग वेगळ्या चालीचा. तेवढं आवर्तन पुरं झालं की परत पहिल्यापासून, आणि जो एकटा वाजवतोय तोही त्याच चक्रात फिरतोय, बाहेर गेलेला नाही. बासवाल्याकडे कान ठेवा, तो वाट सोडत नाही, असं सांगितलं. बाबा दोन गाणी गप्प बसून मोजत राहिले. तिसऱ्या गाण्याला सॅक्सोफोनवाला फिरून बरोबर पहिल्या ठोक्यावर उतरला आणि बाबा एवढ्या मोठ्यानं "वा!" म्हणाले की पुढच्या रांगेतले लोक वळून हसले आणि टाळ्या वाजवायला लागले. त्यानंतर माणूस खुर्चीवरून उठेचना! रात्री नऊ वाजून गेले, उजेड होता अजून, आई जेवायला बोलावतेय आणि हे म्हणतायत थांब, ड्रमवाल्याचं होऊ दे.

मग तू त्या शाळेची गोष्ट सांगितलीस. गावच्या माध्यमिक शाळेत मुलं कमी, बंद पडायची भीती, तेव्हा 1993 मध्ये तिथे जॅझ शिकवायला सुरुवात झाली, मुलं लांबून येऊन राहायला लागली आणि शाळा टिकली. हे ऐकून बाबांचे डोळे भरून आले. मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्या घरांतली पोरं दुसऱ्या धंद्यांकडे वळताना त्यांनी जवळून बघितलंय, त्यांना हे किती आत लागलं असेल ते मला माहीत आहे. आता ते मिरजेतल्या एका शाळेच्या हेडसरांना भेटून आलेत, आठवड्यातून दोन दिवस फुकट तबला शिकवतो म्हणून. सर हो म्हणाले. ताई, हे तुझ्यामुळे आणि दाजींमुळे झालंय, दुसरं काही कारण नाही.

बाबांचा निरोप आहे, खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या सभेला तुम्ही दोघांनी मिरजेला यायचं, उतरायचं आमच्याकडेच. दाजींना पुढे बसवून झपताल मोजायला शिकवणार आहेत. आई विचारतेय खाण्यात काय चालत नाही, ते तेवढं आधी कळव.

तुझी,
तुलूजची धाकटी बहीण