माल परत पाठवलात, त्याबद्दल थँक्यू शेठ

शेठ, नमस्कार. तुमचं नाव इथे टाकत नाही, तुम्हीच म्हणालेलात ना "नाव लिहू नका, सगळे उधारी मागायला येतील". उल्हासनगरचे दाणेवाले शेठ, म्हणजे जुनं प्लास्टिक वितळवून त्याचे दाणे करणारे, म्हटलं की आमच्या गटात सगळ्या ओळखतात, तेवढं बस झालं.

बाटल्या दाबायच्या प्रेस मशीनचे आभार मानीनच, पण पहिले आभार त्या परत आलेल्या गाडीचे.

जुलै 2021 मध्ये काय पाऊस झाला ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तळीये, पोसरेच्या दरडी, चिपळूणचा पूर, सगळं एकाच आठवड्यात. आमच्या खेडच्या वाडीवर दरड आली नाही पण वरच्या डोंगराला भेग पडली, साहेब लोक आले, बघितलं, आणि खाली उतरा म्हणाले. उतरलो ते उतरलोच. कोण मुंबईला गेलं, आम्ही 9 घरं हर्णैच्या बाजूला भाड्याच्या खोल्यांत. ब्लँकेटं तर एवढी आली की माझ्या एकटीच्या खोलीत 11 झाली, आणि हर्णैला थंडी ती कितीशी असते! काम मात्र कोणी दिलं नाही. नळावर एकदा वाद झाला तर एक बाई सरळ म्हणाली, "निर्वासित मेले, कुठून येतात". तो शब्द मला लय लागला, रात्री जेवले नाही त्या दिवशी.

मग आम्ही सोमवारी सकाळी कर्दे, मुरुडच्या पुळणीवर बाटल्या वेचायला लागलो, कारण शनिवार-रविवार टुरिस्ट येऊन गेले की सोमवारी समुद्र कमी आणि बाटल्या जास्त. राज्यात प्लास्टिकबंदी 2018 पासून आहे म्हणे, पुळणीला कोणी कळवलं नसावं. ज्या भंगारवाल्याला पहिल्यांदा माल घातला तो काटा मारायचा, आम्हाला कळायचं पण बोलायची सोय नव्हती.

तुम्ही फॅमिलीला घेऊन फिरायला आलेलात. सगळे आमचे फोटो काढत होते, "व्हेरी गुड ताई" करत होते, आणि तुम्ही ढिगाशेजारी उकिडवे बसून एकेक बाटली कानाजवळ चुरगाळत होतात. मला वाटलं माणूस जरा हललेला आहे. जाताना म्हणालात, टेम्पो भरून पाठवा, रेट देतो. आम्ही 3 आठवडे जमवून पाठवला, आणि पाचव्या दिवशी तो जसाच्या तसा परत. पोरी रडल्या. भाड्याचे पैसे अंगावर. मी तुम्हाला फोनवर काय काय बोलले ते आठवून आता लाज वाटते.

पुढच्या रविवारी तुम्ही स्वतः आलात. माझ्याकडून एक बादली पाणी मागितलं, बाटलीचा तुकडा आणि तिचंच झाकण दोन्ही त्यात टाकलं. तुकडा तळाला, झाकण वर. "बघा, दिसायला एक वस्तू, पण प्लास्टिक दोन. बाटली पेट, झाकण दुसरं." मग तांब्याची तार चुलीत लाल केली, आमच्याच ढिगातल्या एका बाटलीला टेकवली आणि परत जाळात धरली, तर जाळ हिरवा झाला! पोरं टाळ्या वाजवायला लागली, जादू समजून. तुम्ही म्हणालात ही पीव्हीसी, पेट वितळवतो त्या उष्णतेला ही जळते, ॲसिड सोडते, अशा चार बाटल्या जरी गेल्या तरी अख्खा लॉट पिवळा-काळा पडतो. वर आमच्या मालात वाळू, म्हणजे ग्राइंडरच्या पात्यांचं वाटोळं. तोपर्यंत आम्हाला वाटायचं प्लास्टिक म्हणजे प्लास्टिक. त्या दिवशी कळलं की दुधाची पिशवी एलडी, शाम्पूची बाटली ब्लो, खुर्ची पीपी, आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. आमच्या सुमनकाकूंना लिहिता-वाचता येत नाही, पण आता डोळे मिटून नुसत्या आवाजावर सांगतात कुठलं ते.

आणि तेव्हाच मी विचारलं की शेठ, आमच्याकडे बघून वाईट वाटलं म्हणून माल ठेवला असता तर काय बिघडलं असतं. तुम्ही चहा खाली ठेवलात. आजोबा 1947 ला कराचीहून बोटीने मुंबईला उतरले, तिथून कल्याणच्या मिलिटरी कॅम्पात, बराकीत गोणपाटाचे पडदे लावून 4 कुटुंबं एका खोलीत. त्या कॅम्पाचंच 1949 ला उल्हासनगर झालं. आजी पापड लाटायची आणि आजोबा विकायचे. "कोणी दया म्हणून पापड घेतला की आजी दुसऱ्या दिवशी त्या घरी जायची नाही. चव आवडली म्हणून घेतला तिथेच जायची. मी पण निर्वासिताचाच नातू आहे ताई." शेठ, नळावरच्या बाईने तोंडावर फेकलेला शब्द तुम्ही असा खिशातून रुमाल काढावा तसा काढलात. मला काय बोलावं सुचलंच नाही, मी आपली परत चहा गरम करायला आत गेले.

मग प्रेस. नुसत्या बाटल्या भरल्या तर टेम्पोत निम्मी हवा जाते आणि भाडं आपण हवेचं भरतो, हे तुम्हीच दाखवलंत. तुमच्या गोदामातला जुना प्रेस दिलात, पैसे मालातून कापून घेतलेत, एक रुपया सोडला नाहीत. बरं केलंत. ते फुकट आलं असतं तर चार जणांनी येऊन त्यावर आपलं नाव रंगवलं असतं.

जाळ्यांचं मात्र आम्ही तुम्हाला शिकवलं हां! कोळी लोक फाटकी जाळी बंदरातच टाकायचे. तुम्ही सगळं एकत्र धरलेलं, सुमनकाकूंनी बादलीत टाकून दाखवलं की तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, बुडतो, दोर तरंगतो. नायलॉनला गिऱ्हाईक तुम्ही शोधलंत, बादली आमची.

आता 11 बायका रोजावर आहोत, त्यात 2 हर्णैच्याच आहेत, आणि त्यातली एक तीच, नळावरची. प्रेसच्या हँडलला तिच्याइतका जोर कोणाचाच लागत नाही. वेफरच्या पाकिटांचं अजून काही जमलेलं नाही, आत चांदी बाहेर प्लास्टिक, कोणी घेत नाही, पोत्यात भरून ठेवलीत, पोती वाढतायत.

गुरुवारी गाडी भरतोय. पेट पांढऱ्या दोरीने बांधलंय, ब्लो निळ्या, जाळी वेगळ्या गोणीत. सोबत आमसुलं आहेत वहिनींना, ती काट्यावर ठेवू नका. आणि मागच्या खेपेला आमच्या काट्यापेक्षा तुमच्याकडे अडीच किलो कमी भरलंय. ओल म्हणू नका, 2 दिवस उन्हात वाळवलेला माल होता. बघून फोन करा.