‘आधी छत दाखव’ म्हणणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे मला. आमच्या स्काऊट काउन्सिलने तुम्हाला सन्मानचिन्ह द्यायचं ठरवलं, तेव्हा तुम्ही फोनवर “त्या पैशात पोरांना तंबू घ्या” एवढंच म्हणालात आणि फोन ठेवून दिलात. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. इथे फोन ठेवायची सोय नाही.

सुरुवात इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली, जेवणाच्या रांगेत. आमच्या स्काऊट काउन्सिलचं सर्व्हिस सेंटर विकायचं घाटतंय, कमिटीत मी ‘विकू नका’च्या बाजूची आहे आणि बाजू पडत चालली आहे, हे रडगाणं मी पुढच्या वहिनींना ऐकवत होते. मागून तुम्ही, मठ्ठ्याची वाटी सांभाळत म्हणालात, “विकायचं की नाही ते मागाहून. आधी छत दाखव.” आपली तोवर ओळखसुद्धा धड नव्हती.

ज्यांचा स्काऊट-गाईडशी संबंध शाळेतल्या ‘खरी कमाई’पुरताच आला, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मीही त्यातलीच. साताऱ्यात आठवीत गाईड होते, शेजाऱ्यांच्या सायकली पुसून चार रुपये मिळवले होते, त्यापलीकडे काही नाही. इथे अमेरिकेत ट्रूप, म्हणजे मुलांचे गट, भरतात चर्चच्या हॉलमध्ये नाहीतर शाळेत, पण त्यांच्या डोक्यावर काउन्सिल असते आणि तिचं एक ऑफिस असतं. ते सर्व्हिस सेंटर. ओहायोतलं आमचं साठच्या दशकातलं, सपाट छताचं, खाली तळघर. दारातून आत गेलं की डावीकडे स्काऊट शॉप, बॅजांचे उथळ खण, उजवीकडे रजिस्ट्रारबाईंचं काउंटर. मागच्या बोळात लाकडी फळा, त्यावर पितळी पट्ट्या, दर पट्टीवर एका ईगल स्काऊटचं नाव. ईगल म्हणजे स्काऊटमधली सगळ्यात वरची पायरी.

शेवटून दुसऱ्या ओळीत माझ्या लेकीचं नाव आहे. मुलींना स्काऊट ट्रूपमध्ये प्रवेश मिळाला फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि ईगल झालेल्या मुलींची पहिली तुकडी फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर झाली, देशभरातून जवळजवळ हजार जणी. ईगल व्हायला एकवीस मेरिट बॅज, म्हणजे एकेका विषयातले बिल्ले, आणि वर स्वतः आखून पार पाडलेला सेवा-प्रकल्प लागतो. तिचे कागद मी त्याच काउंटरवर, प्लॅस्टिकच्या पडद्याखालून, मास्क लावून सरकवले होते. तर काका, ‘विकू नका’ म्हणणाऱ्या बाईचं तत्त्वबित्त्व काही नव्हतं. ती पट्टी होती.

पैशाची बाजू सगळ्यांना माहीत होती, बोलत कोणी नव्हतं. स्काऊटच्या राष्ट्रीय संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. लहानपणी अत्याचार झाल्याचे ८२ हजारांहून जास्त दावे आले. शेवटी सुमारे २४६ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि त्यात देशभरातल्या स्थानिक काउन्सिलांनीही आपापला वाटा घातला. कुणी कॅम्पची जमीन विकली, कुणी ऑफिस. या पैशाबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. या गणवेशावर विश्वास ठेवणाऱ्या पोरांचं ते देणं आहे, आणि उशिराच फेडलं गेलं आहे. पण वाटा भरल्यावर आमच्या तिजोरीत खडखडाट झाला. त्यात करोनानंतर मुलं निम्म्यावर आलेली. नोंदणी ऑनलाइन, ईगलचे अर्जही ऑनलाइन. इमारतीला मात्र रोजची ऊब लागत होतीच.

नोव्हेंबरच्या त्या शनिवारी तुम्ही स्वतःची शिडी गाडीच्या टपावर बांधून आलात. पंच्याहत्तरीला आलेल्या माणसाला शिडीवर चढू द्यायचं का, यावर खाली मी आणि ट्रेझरर खल करत होतो, तोवर तुम्ही वर पोचलासुद्धा होता. मलाही वर बोलावलंत. खडीखालचं डांबर पावाच्या लादीसारखं दबत होतं आणि मधोमध पाण्याचं तळं, त्यात चक्क शेवाळ. “हे पाणी गेल्या आठवड्याचं नाही,” तुम्ही म्हणालात, “शेवाळ धरायला वेळ लागतो.”

तळघरात तर तुम्ही छताकडे बघितलंच नाहीत. खिशातून टेप काढून खालची टाइल मोजलीत. नऊ इंच. दुसरी मोजलीत. नऊ इंच. मग उठलात आणि म्हणालात, कोणीही काही उकरायचं नाही. त्या काळातल्या नऊ इंची टाइलमध्ये आणि खालच्या काळ्या डिंकात बरेचदा ॲस्बेस्टॉस असतं. अखंड असेल तोवर त्रास नाही, फोडलं की धूळ. (लॅबचा अहवाल तसाच आला. नंतर एका जुन्या स्काऊटमास्तरांना आठवण म्हणून एक टाइल घरी न्यायची होती, तेव्हा तुम्ही कसे डोळे वटारलेत, ती आठवण आम्ही अजून काढतो!) आणि मागच्या गवतातली ती झाकण लावलेली नळी. तिला आमची मुलं वर्षानुवर्षं सायकलची साखळी अडकवत आली. तुम्ही बुटाने गवत बाजूला केलंत आणि विचारलंत, “तेलाची टाकी कधी काढली?” कोणी काढलीच नव्हती. जुन्या बॉयलरची टाकी खाली पुरलेली होती, तशीच.

बोर्डाच्या बैठकीत तुम्ही एक पान वाटलंत. छत, टाइल, टाकी, बॉयलर, आणि तळघरात व्हीलचेअर उतरायला वाट नाही हे. प्रत्येकापुढे खर्चाचा अंदाज. ‘विका’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. आमच्यापैकी एकाने, त्याचे वडीलही इथलेच ईगल, चिडून विचारलं, तुम्हाला काय कळणार या वास्तूचं? मला लाजेने मान वर करवेना, कारण गणपतीच्या रांगेत मी जवळजवळ तेच म्हणत होते.

तेव्हा तुम्ही सदाशिव पेठेतला वाडा सांगितलात. त्या लोकांना पेठ म्हणजे काय, वाडा म्हणजे काय, सगळं तुमच्या संथ इंग्रजीत. भाऊ पाच, चाव्या पाच, प्रेम सगळ्यांचं, आणि पत्रे बदलायला कुणी नाही. एका पावसाळ्यात मागची भिंत बसली, तेव्हा आत माणूस नव्हतं एवढंच नशीब. “विकला असता तर आईला पाहता आलं असतं, कोण राहायला आलंय ते,” एवढं बोलून तुम्ही खाली बसलात. त्या रात्री मत बदललं ते माझं. इतरांचं नंतर, एकेक करत.

विकणं तरी कुठे सोपं होतं! जमीन एका कुटुंबाने देणगी दिलेली, आणि दानपत्रात अट, की स्काऊटचं काम थांबलं तर जमीन कुटुंबाकडे परत. वकिलांनी अट दाखवली आणि नोटिशीचा मसुदा केला. तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, नोटिशीआधी कुणीतरी भेटायला जा. आपण दोघं गेलो, देणगीदारांच्या नातीकडे, स्वतःच आजी झालेल्या. सोबत तुम्ही त्या पितळी फळ्याचा फोटो नेला होतात. तासभर त्या आजोबांबद्दल बोलल्या. अट सोडण्याच्या सहीचा विषय आपण काढलाच नाही, त्यांनीच निघताना काढला. एक अट घातली, की आजोबांचं नाव कॅम्पवर कुठेतरी राहू द्या. कॅम्पच्या नव्या पाण्याच्या टाकीवर ते आता आहे.

विक्रीच्या कागदांत टाइल आणि टाकी दोन्ही आपण होऊन लिहायची, हा हट्टही तुमचाच. किंमत त्यामुळे पडली. बोर्डात कुरकुर झाली, थोडी मीही केली. पण सौदा एकदा झाला तो झाला, पुन्हा फोन नाही की वकिलाचं पत्र नाही. आलेल्या पैशातून कर्ज फिटलं, बाकी कॅम्पला गेलं. ऑफिस आता दोन भाड्याच्या खोल्यांत आहे, शेजारी दातांचा दवाखाना. रजिस्ट्रारबाई म्हणतात, पहिल्यांदाच हिवाळ्यात कोट काढून बसते.

इमारत रिकामी करताना तळघरात तीन खोकी जुने झेंडे सापडले. फाटका झेंडा इथे कचऱ्यात टाकत नाहीत, लोक तो स्काऊटकडे आणून देतात आणि मुलं तो रीतसर अग्नीला देतात. त्या संध्याकाळी मागच्या पार्किंगमध्ये मुलांनी एकेक झेंडा उलगडला. तुम्ही कुंपणाशी टोपी काढून उभे होता. सगळं संपल्यावर एका सात-आठ वर्षांच्या पोराने तुमच्याशी डावा हात मिळवला, स्काऊटची रीत म्हणून. तुम्ही गडबडून उजवा पुढे केलात, मग डावा. तुम्ही कधीच स्काऊट नव्हतात, हे मला तेव्हा कळलं. पुण्यात शाळेत फी परवडली नव्हती, गणवेशाचीही नाही, असं तुम्ही गाडीत सांगितलंत, मी विचारलं म्हणून.

फळा नव्या खोलीत मावत नव्हता. लेकीने दोन शनिवार घालवून तो मधोमध कापला आणि दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसवला. नावं सगळी आहेत. एक पट्टी जास्तीची लावायची तिची इच्छा आहे. तुम्ही नको म्हणणार, म्हणून आम्ही तुम्हाला विचारणार नाही.

तुमची शिडी अजून आमच्या गॅरेजमध्ये आहे. न्यायला याल तेव्हा जेवूनच जा, मठ्ठा असेल.

तुमची,
कमिटीतली ‘विकू नका’वाली