जिताड्याची बोटुकली कोकणातच तयार व्हावी

मा. संपादक,
खाडीकाठी तळी खोदून मत्स्यशेती करा, असा आग्रह धरला जातो. पण तळ्यात सोडायचं काय, हे मागेच राहतं. मग सोपी म्हणून तिलापिया येते, नाहीतर २००० सालापासून बंदी असलेला आफ्रिकन मांगूर चोरून पाळला जातो.

ठाण्याच्या खाडीतला आपला जिताडा गोड्या आणि खाऱ्या, दोन्ही पाण्यांत तग धरतो. भावही चांगला मिळतो. अडतं ते बोटुकलीपाशी, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांपाशी. इंचभराची पिल्लं थेट तळ्यात सोडली की मोठी लहानांना खातात. आपल्या निम्म्या लांबीचं भावंडही सहज गिळतात. म्हणून ती आधी हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून दर चार-पाच दिवसांनी आकारवार वेगळी करावी लागतात आणि तीन-चार इंचांची झाल्यावरच तळ्यात सोडायची. ही निवड चुकली तर काढणीला मोजकेच मासे हाती लागतात आणि दोष मात्र पाण्याला दिला जातो.

पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४०, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य आहे. शासनाने त्यातून कोळी महिलांच्या गटांना हापे, जाळ्या आणि गोळीखाद्य प्राधान्याने द्यावं. कोकणात जिताड्याचं सरकारी बीज केंद्रही हवंच. त्यासाठी अंड्यावरच्या माद्या लागतील आणि जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो; म्हणजे माद्या मोठ्या जिताड्यांतच मिळतात. तेव्हा पावसाळ्यात खाडीतल्या मोठ्या जिताड्यांच्या मासेमारीवर मर्यादा घालावी.

– मत्स्यशेतीचे काही अभ्यासक, ऐरोली