काटामारी

कोल्हापूर,
रविवार सकाळ

प्रिय संज्या,

परवा फोनवर विचारलंस, "मर्दा, वजन कसं उतरवलंस? जिम लावलीस काय?" तेव्हा रंकाळ्यावर होतो, धाप लागलेली, म्हणून कटवलं. आता ऐक. जिम नाही, डाएटवाल्या मॅडम नाहीत. काटा आणला. स्वयंपाकघरातला, एक ग्रॅमही दाखवणारा. पाच महिन्यांत ९१ चे ८४ झालेत.

तुझे आबा उसाची गाडी आधी बाहेरच्या काट्यावर तोलून मगच कारखान्यात घालायचे, आठवतंय? काटामारीची भीती, म्हणजे कारखान्याचा काटा वजन कमी दाखवील ही. मी इतकी वर्षं स्वतःच्या पोटाशी तीच काटामारी करत होतो, हे पहिल्याच संध्याकाळी कळलं. टीव्हीपुढं बसून खातो ते मूठभर शेंगदाणे. वाटी ठेवली, बटण दाबून आकडा शून्यावर आणला, मूठ ओतली. ४२ ग्रॅम! शेंगदाण्याच्या शंभर ग्रॅमला ५७० च्या आसपास कॅलरी, म्हणजे त्या मुठीत २४०. हिच्या एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागतं, त्याच्या होतात साधारण २१०. आणि मी दोन मुठी रिचवून वर "रात्री एकच भाकरी वाढ" म्हणत शहाणपणा मिरवत होतो.

तेलाचं प्रकरण तर घरात भांडण लावून गेलं. तेल मोजायची सोपी युक्ती आहे: बाटली फोडणीआधी तोलायची, भाजी झाली की परत तोलायची, फरक तो कढईत गेला. चौघांच्या वांग्याला ८४ ग्रॅम! तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे माणशी जवळपास १९० नुसत्या तेलाच्या. ही म्हणाली, "गुजरीत गाळा घ्या आता, सोनं तोलत बसा." आईनं वेगळंच काढलं, जेवणाऱ्याचं अन्न तोलू नये म्हणे. चार दिवस अबोला. मग हिनंच गुपचूप ४० ग्रॅमवर भाजी केली. कांदा-लसूण चटणीमुळं रंग तसाच लालभडक, कुणालाच कळलं नाही.

माझाही गाढवपणा झालाच. भात शिजवलेला तोलत होतो आणि आकडा कच्च्या तांदळाचा धरत होतो. तांदूळ पाणी पिऊन अडीच-तीन पट होतो की रे! आठवडाभर दोन घास भातावर उठलो, साऱ्यांवर खेकसत होतो. तेव्हापासून तांदूळ कच्चाच तोलतो.

आता रोज सगळं तोलत नाही. भाकरी, भात, आमटी यांचा अंदाज डोळ्यात बसलाय. शेंगदाणे, भडंग आणि तेल यांना मात्र अजून काट्यावर चढवतो, हे तिघे डोळ्याला फसवतात. पोरीच्या ताटाला काटा लावायचा नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलंय. वाढतं वय आहे, तिच्या डोक्यात आकडे नकोत. आणि मिसळ बाहेर खाल्ली तर कटावर किती तेल तरंगतंय ते कुठला काटा सांगणार? महिन्यातनं एकदा खातो, गप्प खातो.

आज मटण आहे. तांबडा-पांढरा उकळतोय, आई चुलीपाशी आहे, काटा कपाटावर. तू पुढच्या महिन्यात येतोयस ना? येण्याआधी एक कर: घरी तेलाचा डबा नवा फोडशील त्यावर तारीख लिही आणि किती दिवसांत संपतो ते बघ. वहिनींना सांगू नकोस कशासाठी ते.

तुझाच,
बाळ्या