गळाला लागलेला मासा बिघडतो तो किनाऱ्यावरच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरून खाडीचे पाणी निवळू लागले की भाट्ये, जयगड, दाभोळकडच्या काठांवर आणि जेट्टीवर हौशी गळवाल्यांची गर्दी सुरू होते. रॉड, रील, लूर (खोटे आमिष) यांवर भरपूर पैसा आणि अभ्यास खर्ची पडतो. पकडलेला मासा मात्र प्लास्टिकच्या पिशवीत उन्हात पडलेला असतो, नाहीतर दोरीत ओवून काठच्या कोमट पाण्यात लोंबत असतो. दुपारी घरी पोचेपर्यंत तांबोशीचे पोट मऊ पडते, कल्ल्यांना वास सुटतो आणि ‘खाडीचा मासा उग्रच असतो’ असा शेरा मारला जातो. हा दोष माशाचा नाही. पकडल्यानंतरच्या पहिल्या तासात काय करायचे हे पुष्कळांना कोणी सांगितलेलेच नसते, म्हणून हे पत्र.

मासा तडफडत मरू देऊ नये, ही पहिली गोष्ट. यात दया आहेच, पण चवही आहे. तडफडताना स्नायूंतील ऊर्जेचा साठा संपतो, आम्ल वाढते, मासा लवकर ताठरतो आणि कातळावर आपटून मांसात रक्त साकळते. डोळ्याच्या किंचित मागे, वरच्या बाजूला टोकदार सळई किंवा सुरीचे टोक मेंदूत घातले की मासा क्षणभर थरथरतो, तोंड वासतो आणि सैल पडतो. जपानी कोळी हेच पिढ्यानपिढ्या करत आले आहेत. तेवढा हात बसलेला नसेल तर लाकडी दांडक्याचा एकच नेमका घाव त्याच जागी घालावा. लगेच कल्ल्याचे झाकण उचलून आतल्या लाल कमानी कापाव्यात आणि मासा डोके खाली करून बादलीभर समुद्राच्या पाण्यात पाच-दहा मिनिटे ठेवावा. मेंदू बंद पडला तरी हृदय थोडा वेळ चालू असते, त्यामुळे रक्त आपोआप बाहेर पडते. अर्ध्या तासाने कापले तर ते साकळून मांसातच राहते आणि नंतरचा काळपटपणा व उग्र वास त्यातूनच येतो. बांगड्याएवढ्या लहान माशांना हा खटाटोप नको, ते थेट बर्फात टाकावेत. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते, तिथे उघड्या हाताने बोट घालू नये.

आता बर्फ. त्याबाबतीत हिशेब करणारे फार थोडे. 30 अंशांचा एक किलो मासा शून्यावर आणायला सुमारे 350 ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. हे झाले कागदावरचे गणित. उन्हात ठेवलेला, दर पाच मिनिटांनी उघडला जाणारा थर्माकोलचा खोका आपल्यापुरता त्याहून अधिक बर्फ खातो. म्हणून किलोला किलो बर्फ हे आपल्या हवेत कमीत कमी माप धरावे, एप्रिल-मेमध्ये दीडपट. लादीचा मोठा तुकडा माशाला दोन-तीन ठिकाणीच टेकतो आणि मधली हवा गारवा पोचू देत नाही. बर्फ गोणपाटात घालून बारीक फोडावा. दोन भाग चुऱ्यात एक भाग समुद्राचे स्वच्छ पाणी घातले की जो काला होतो तो शून्याच्याही थोडा खाली जातो आणि माशाला सगळीकडून लपेटतो. जेट्टीजवळचे पाणी घेऊ नये, त्यात डिझेल आणि सांडपाणी असते. घरूनच पाच लिटरचा कॅन भरून न्यावा, लिटरला 30 ते 35 ग्रॅम मीठ घालून. अर्धा-पाऊण किलोचा मासा या काल्यात तासाभरात चांगला गार होतो, मोठ्याला जास्त वेळ लागतो. त्यानंतर पाणी काढून टाकावे. खाली बर्फ, मग मासे, वर पुन्हा बर्फ असे थर करावेत आणि खोक्याच्या तळाचे बूच उघडे ठेवावे, नाहीतर मासा आपल्याच रक्ताच्या पाण्यात भिजत राहतो. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या जोडीला चालतात, पण नुसत्या बाटल्यांवर भागत नाही.

मासा खोक्यात सरळ झोपवावा. वाकडा कोंबला तर तो तसाच ताठतो, आणि मग सरळ करताना मांसाचे पदर आतून फाटतात. ताठलेला असताना त्याच्या तुकड्याही करू नयेत, थोडा सैल होऊ द्यावा.

बर्फाकडे दुर्लक्ष सर्वांत महागात पडते ते बांगडा, तारली, सुरमई आणि कुपा यांच्या बाबतीत. हे मासे गरम राहिले की त्यांच्या मांसात जिवाणूंमुळे हिस्टामीन तयार होते. ते वासावरून नेहमी कळत नाही आणि तळून, उकळून, गोठवूनही जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून एक-दोन तासांत चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोके ठणकते, छाती धडधडते. घरात त्याला ‘माशाची अ‍ॅलर्जी’ म्हणतात आणि त्या माणसाचे बांगडे कायमचे बंद होतात. खरी अ‍ॅलर्जी आहे की नाही हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, पण सकाळी सातला पकडलेला बांगडा दुपारी एकपर्यंत पिशवीत होता का, हेही आठवून पाहावे.

साफ करण्याबद्दल. त्याच दिवशी शिजणार असेल आणि बर्फ पुरेसा असेल तर मासा घरापर्यंत अख्खा आणावा, खवल्यांसकट. कातडी शाबूत असेतो जिवाणूंना मांसात वाट मिळत नाही. दुसऱ्या दिवसावर जाणार असेल तर पोट आणि कल्ले आधी काढावेत. भरल्या पोटाच्या बांगड्याचे, तारलीचे पाचकरस मेल्यावर त्याचेच पोट पोखरतात, म्हणून ते फुटते.

आधी कात्रीने पाठीचे आणि बाजूचे पर कापावेत. मासा ओला करून सुरीच्या बोथट बाजूने शेपटीकडून डोक्याकडे खवले काढावेत. मग गुदद्वारापासून घशापर्यंत उथळ चीर द्यावी, सुरीचे टोक आत न खुपसता वर उचललेले ठेवून. टोक खोल गेले की आतडी फुटतात, किंवा काळिजाला (यकृताला) चिकटलेली हिरवट पित्ताची पिशवी फुटते. पित्त सांडलेच तर तेवढा भाग लगेच धुवावा, डागाळलेला पापुद्रा कापून टाकावा. गाबोळी (अंडी) असेल तर हाताने अलगद सोडवावी. यापुढचे काम बहुतेक जण सोडून देतात. पोट मोकळे झाले की कण्याला लागून एक पातळ पडदा आणि त्याखाली गडद लाल पट्टा दिसतो. पडदा टोकाने लांबीला चिरावा आणि जुन्या टूथब्रशने तो पट्टा पांढरे हाड दिसेपर्यंत खरवडावा. फ्रीजमध्ये माशाला पहिला वास इथेच सुटतो. बोय असेल तर पोटातले काळे अस्तरही घासून काढावे. शेवटी मिठाच्या गार पाण्याने झटपट विसळून कोरड्या फडक्याने आत-बाहेर टिपावे. नळाखाली दहा मिनिटे धरलेला मासा चव गमावतो.

गोड्या पाण्यातल्या, विशेषतः उजनीच्या चिलापीला येणारा मातकट वास पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या द्रव्याचा असतो आणि तो कितीही धुतला तरी जात नाही. कातडी आणि बाजूचे लालसर मांस काढावे, चिंच, कोकम किंवा लिंबू अर्धा तास लावावे. आंबटाने ते द्रव्य मोडते. टोळ माशाचा काटा हिरवा दिसतो म्हणून काही जण तो फेकून देतात. तो रंग नैसर्गिक आहे, ताजा टोळ खुशाल खावा.

फ्रीजमध्ये मासा सर्वांत गार भागात, जाळीच्या ताटलीत आणि खाली पाणी गळेल असा ठेवावा, दोन दिवसांच्या आत संपवावा. फ्रीजरात ठेवायचा तर एका वेळेपुरती चपटी पाकिटे करावीत, बोटभर जाडीची. दोन किलोचा गोळा घरच्या फ्रीजरात गोठायला इतका वेळ घेतो की आत बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि ते वितळताना सगळा रस वाहून जातो. पाकीट तोंडापर्यंत पाण्यात बुडवले की हवा निघते, मग बंद करावे. उणे 18 अंशांवर बांगडा, सुरमई दोन-तीन महिने, तांबोशी चार-पाच महिने नीट राहते. आपल्याकडे मीठ-हळद लावून फ्रीजरात टाकायची सवय आहे. ती सोडावी. मिठाने माशातले तेल लवकर खवट होते. शिजवायच्या आदल्या रात्री पाकीट खालच्या कप्प्यात ठेवावे आणि मीठ-हळद तेव्हा लावावी.

काटा टोचला तर हलक्यात घेऊ नये. शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांत विष असते. जखम धुऊन हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास धरल्यास वेदना उतरते. मधुमेह किंवा यकृताचा आजार असणाऱ्याची जखम सुजू लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उबदार खाऱ्या पाण्यातील काही जिवाणू अशा शरीरात काही तासांत पसरतात.

आतडी, कल्ले जेट्टीवर टाकू नयेत. वास येतो, कुत्री जमतात आणि निसरड्यावर माणसे पडतात. पिशवीतून घरी आणून हातभर खोल खड्ड्यात, नारळाच्या आळ्यात पुरावे.

शेवटी बंदरे आणि मत्स्य खाते सांभाळणाऱ्यांना एक विनंती. बर्फाचे कारखाने बंदराजवळ असतात, पण तिथे बर्फ लादीच्या मापाने विकला जातो. दोन मासे पकडणाऱ्याला लादी परवडत नाही आणि उचलतही नाही. मिरकरवाड्यासारख्या बंदरात आणि गर्दीच्या जेट्ट्यांवर सुट्टीच्या दिवशी पहाटे फोडलेला बर्फ दोन आणि पाच किलोच्या पिशव्यांत मिळाला, शेजारी कचऱ्याचा झाकणाचा डबा ठेवला, तर यात मोठा खर्च नाही. लहान विक्रेत्यांनाही त्याचा उपयोग होईल.

आपले,
गळाने मासे पकडणारे काही वाचक, रत्नागिरी

ता. क. खाडीत गळाला केंड लागतो, पकडला की पोट फुगवणारा. त्याच्या काळजात, गाबोळीत आणि कातडीत असलेले विष शिजवूनही जात नाही. तो साफ करण्याची घरगुती रीत नाही. गळ सोडवून त्याला परत पाण्यात सोडावे, मुलांच्या किंवा मांजराच्या हाती लागू देऊ नये.